अँबॅसिडर मार्क ३ : पहिल्या तीन गिअरला घुंई, टॉपला शांत

पंचगंगाकाठ
नमस्कार मंडळी. वडिलांची १९७७ ची अँबॅसिडर मार्क ३ आहे, पांढरी, हँड गिअरवाली (गिअरचा दांडा स्टिअरिंगखाली). वडील डॉक्टर. करवीर आणि पन्हाळा भागातल्या खेड्यांत रात्री-अपरात्री व्हिजिटला हीच गाडी जायची. मी शाळेत असताना गाडी वळणावर आली की आवाजावरून आई चहाचं आधण ठेवायची. गेली सहा वर्षं ती ताडपत्रीखाली उभी होती. दिवाळीत बाहेर काढली, ब्रेकचं सगळं रबर बदललं, टाकी धुऊन घेतली. इंजिन मूळचंच आहे, १४८९ सीसी पेट्रोल, आणि अजून शिलाई मशीनसारखं चालतं.

त्रास गिअरबॉक्सचा आहे. पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरला घुंईंईं असा आवाज येतो, रेस वाढवली की चढत जातो. शेजारी बसलेल्या माणसाशी मोठ्यानं बोलावं लागतं. गाडी उभी, न्यूट्रल, इंजिन हळू चालू, तरी खालून बारीक खरखर येते. दुसरा टाकताना अधूनमधून खर्र होतं.

दोन ठिकाणी दाखवली. पहिल्यानं १४० नंबरचं जाड तेल भरून दिलं. आठ दिवस बरं वाटलं, नवव्या दिवशी परत तेच. दुसरा म्हणाला, उघडण्यात अर्थ नाही, सेकंडहँड पेटी आणतो. मला पेटी बदलायची नाही. नक्की काय गेलंय ते कळल्याशिवाय तर नाहीच नाही.

मार्कटू_अकोला
अरे वा, अजून एक अँबॅसिडर! माझी १९७० ची मार्क २ आहे. तुमच्यासारखाच आवाज हाये माझ्याही गाडीला, म्हणून ठाण मांडून बसलो. वाचतो.

ठाणेकर
इनपुट शाफ्टचं बेअरिंग. न्यूट्रलला खरखर म्हणजे तेच. क्लच दाबल्यावर आवाज बंद होतो का बघा.

पंचगंगाकाठ
हो, क्लच पूर्ण दाबला की खरखर थांबते. सोडला की परत सुरू. मग बेअरिंगच का?

दापोडीकर
थांबा. अजून पाना हातात घेऊ नका.

मी एसटीच्या दापोडी वर्कशॉपमधून निवृत्त झालो. हयात पेट्यांत गेली, मोठ्या गाड्यांच्या का असेनात. पेटी मोठी असो का लहान, आधी ऐकायची. उघडल्यावर सगळेच पार्ट मुके असतात.

क्लच दाबल्यावर आवाज थांबला यावरून एवढंच ठरलं, की दोष पेटीच्या आत आहे आणि इंजिनाबरोबर फिरणाऱ्या भागात आहे. क्लच सोडलेला असताना न्यूट्रलमध्येसुद्धा इनपुट शाफ्ट फिरतो, खालचा क्लस्टर (एकत्र जोडलेल्या गिअरांचा गट) फिरतो, आणि मेन शाफ्टवरचे दुसऱ्या-तिसऱ्याचे गिअर मोकळे फिरतात. संशयित बरेच आहेत, एकटं इनपुट बेअरिंग नाही. उलट, क्लच दाबल्यावरच आवाज सुरू झाला असता तर रिलीज बेअरिंग धरलं असतं. अँबॅसिडरमध्ये ते कार्बनचं असतं, संपलं की सुकी किंचाळी मारतं.

आता मला तीन गोष्टी सांगा.

शीर्षकात 'टॉपला शांत' म्हणालात. अगदी शांत, की थोडा आवाज राहतो?

सपाट, रिकाम्या रस्त्यावर ५० च्या वेगाला क्लच दाबून न्यूट्रल करा आणि गाडी घरंगळू द्या. इंजिन चालूच ठेवायचं. तेव्हा काही गुणगुण राहते का? हे घाटात किंवा उतारावर अजिबात करायचं नाही.

तिसरं, तेल काढून बघा. गरम गाडीतून काढा, आणि पातळ फडक्यातून गाळा.

वाचनमात्र
मला गाड्यांतलं काही कळत नाही, पण धागा वाचायला घेतला तो सोडवेना. टॉप गिअरला आवाज जाण्याचं इतकं महत्त्व का? टॉपला तर गाडी सगळ्यात जोरात पळते ना?

दापोडीकर
ताई, चांगला प्रश्न विचारलात. पेटीत वरच्या बाजूला एकाच रेषेत दोन शाफ्ट असतात. पुढचा इंजिनाकडून येतो, तो इनपुट. मागचा चाकांकडे जातो, तो मेन शाफ्ट. त्यांच्याखाली समांतर तिसरा असतो, त्याला आम्ही लेशाफ्ट म्हणतो. पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या गिअरला ताकद इनपुटवरून खाली लेशाफ्टच्या गिअरांवर उतरते आणि तिथून परत वर मेन शाफ्टवर चढते. म्हणजे सगळं ओझं तळमजल्यावरून जातं. टॉपला मात्र वरचे दोन शाफ्ट एकमेकांना थेट जोडले जातात. तळमजला फिरतो, पण रिकाम्या हातानं.

म्हणून टॉपला आवाज मेला तर चोर तळमजल्यावर. टॉपलाही तसाच राहिला तर इनपुटचं किंवा मेन शाफ्टचं बेअरिंग.

वाचनमात्र
कळलं! चाळीतल्या जिन्यासारखं. धन्यवाद काका.

पंचगंगाकाठ
दापोडीकर काका, आज पहाटे सगळं करून बघितलं.

टॉपला ९० टक्के आवाज जातो. कान देऊन ऐकलं तर बारीक सळसळ राहते, पण बाकी तीन गिअरच्या मानानं काहीच नाही.

न्यूट्रलमध्ये घरंगळवली तेव्हा शांत. फक्त परत गिअर टाकून रेस दिली की पायाखाली एकच 'टक्' होतो. उभ्या गाडीवरून निघतानाही तोच टक् येतो. हे मी आधी लिहायला विसरलो.

वडिलांचा जुना स्टेथोस्कोप काढला. छातीवर ठेवायची चकती काढून टाकली, नळीच्या तोंडात वीतभर तांब्याची नळी बसवली. गाडी घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) घेतली, चाकांना लाकडी ओंडके लावले, न्यूट्रलला इंजिन चालू ठेवलं आणि खाली आडवं होऊन पेटीला नळी लावत गेलो. वर इनपुटच्या बेअरिंगपाशी एकसारखा भुर्र आवाज. मागच्या तोंडाशीही तसाच. पण खाली, पुढच्या बाजूला, लेशाफ्टच्या टोकाशी नळी टेकवली आणि कानात कुणी खडी चाळावी तसा आवाज आला. वडील व्हरांड्यात खुर्चीवर बसून बघत होते. त्यांच्या हातात स्टेथो दिला, नळी मी धरली. दोन्ही जागा ऐकल्या आणि म्हणाले, "वरचं फुप्फुस साफ आहे. खालचं नाही."

तेल काढलं. काळं-राखाडी. गाळून फडकं उन्हात ठेवलं तर चांदीसारखी चमक. चुंबक फिरवल्यावर बहुतेक सगळी चमक चुंबकाला धरली. थोडा सोनेरी कीस राहिला, तो चुंबकाला येत नाही.

दापोडीकर
शाब्बास. निदान झालं, लेशाफ्टच. चुंबकाला धरलेलं पोलाद त्याच्यावरच्या बेअरिंगच्या सुयांचं आणि शाफ्टचं. सोनेरी ते पितळ-कांसं, म्हणजे सिंक्रो रिंग (गिअर पडताना वेग जुळवणारी कडी) किंवा क्लस्टरच्या दोन टोकांचे थ्रस्ट वॉशर. दुसऱ्याला खर्र होतं म्हणालात, तर दुसऱ्याची रिंग बघायची.

टक् येतो तो वेगळा आजार. पेटीतून मागच्या चाकांकडे जाणाऱ्या प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस, म्हणजे सांधा, तपासा. शाफ्ट हातानं पिळून बघा, क्रॉसमध्ये जरासुद्धा खेळ दिसला तर बदला. दोन आवाज एकत्र ऐकून माणसं एकाच पार्टला दोष देतात, म्हणून आधीच सुटे केले.

आणि पहिल्या गिअरचं एक ध्यानात ठेवा. या पेटीत पहिल्याचे आणि रिव्हर्सचे दात सरळ कापलेले आहेत, बाकीचे तिरके. सरळ दात थोडे गाणारच. पेटी नवीकोरी केली तरी पहिल्याला बारीक घुंई राहील. ती दुरुस्त करायला जाऊ नका.

ठाणेकर
माझा अंदाज चुकला, मान्य. पण एक सुचवतो. १९९० नंतरच्या इसुझू इंजिनवाल्या अँबॅसिडरला पाच गिअरची पेटी होती. ती बसवली तर प्रवासाला आराम पडेल.

मार्कटू_अकोला
भाऊ, ती पेटी त्या इंजिनासोबतची हाय. बेलहाउसिंग (पेटी इंजिनाला जोडणारं कवच) वेगळं, मागचा प्रोपेलर शाफ्ट लांबीला जुळवावा लागतो, आणि हँड गिअर जाऊन खाली दांडा येतो. मग गाडीत राहिलं काय?

पंचगंगाकाठ
ठाणेकर, सूचना मनापासून आहे हे कळतं. पण वडिलांचा डावा हात अजून आपोआप स्टिअरिंगखालच्या दांड्याकडे जातो. तो तिथेच राहणार.

पोलाद
मी नाशिकला हीट ट्रीटमेंटमध्ये काम करते. पेटी उघडली की लेशाफ्टचे फोटो टाका, प्लीज. या पेटीचं घराणं म्हणजे ब्रिटनच्या बीएमसीची, म्हणजे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनची, बी-सिरीज. अँबॅसिडर मूळची मॉरिस ऑक्सफर्ड सिरीज ३, कोलकात्याजवळ उत्तरपाऱ्याला बनायला लागली ती १९५७-५८ पासून. त्यामुळे ब्रिटिश मॉरिसच्या जुन्या वर्कशॉप मॅन्युअलमधली चित्रं तुम्हाला बरीचशी लागू पडतील. लेशाफ्टचा चट्टा हा या घराण्याचा ओळखीचा आजार आहे.

पंचगंगाकाठ
पेटी उतरवली. बॅटरी काढली, प्रोपेलर शाफ्ट सोडला (जोडावर दोन्ही बाजूंना छन्नीनं खूण केली, म्हणजे परत त्याच जागी बसेल), हँड गिअरच्या सळ्या सोडल्या. पेटी इंजिनापासून मागे सरकवताना तिचं वजन जॅकवर ठेवलं होतं. ती इनपुट शाफ्टवर लोंबकळली की क्लच प्लेट वाकते हे कुठंतरी वाचलं होतं. माझा आतेभाऊ मदतीला. तरी तिघं लागलो, शेजारचे बोलवावे लागले.

बाकी खोलकाम विस्तारानं लिहीत नाही. बाहेर येणारा प्रत्येक पार्ट वर्तमानपत्रावर ज्या क्रमानं निघाला त्याच क्रमानं मांडला आणि फोन काढून फोटो घेतले.

आता लेशाफ्ट. या पेटीत शाफ्ट स्वतः फिरत नाही, पेटीच्या भोकांत घट्ट बसलेला असतो. त्याच्यावर क्लस्टर फिरतो, मध्ये सुट्या सुया. शाफ्ट ढकलून बाहेर काढला, रॉकेलनं धुतला, उजेडात धरला. एक बाजू आरशासारखी, माझा डोळा दिसला त्यात. फिरवला आणि दुसऱ्या बाजूला, पुढच्या टोकाशी, बोटाच्या पेराएवढ्या जागेत खड्डे. देवीचे व्रण असतात तसे. नखानं ओढलं तर नख अडकतं. मागच्या टोकाला रंग बदललाय, खड्डे अजून नाहीत.

सुया रॉकेलातून काढून मोजल्या. एक कमी भरली. पाऊण तास शोधली. शेवटी जुन्या स्पीकरचं चुंबक दोरीला बांधून फरशीवर फिरवलं तेव्हा पोत्याच्या घडीत सापडली. ती कमी राहिली असती तर पेटी बंद करायचा धीर झाला नसता, आत कुठे अडकली असेल काय माहीत.

पोलाद
फोटो बघितले. शाफ्ट न फिरणारा असल्यामुळे भार कायम एकाच बाजूला येतो, म्हणून एक बाजू आरसा आणि दुसरी खड्डे. याला पृष्ठभागाचा थकवा म्हणतात. शाफ्टची फक्त वरची कातडी कडक केलेली असते, आतला गाभा मऊ आणि चिवट. सुई लाखो वेळा त्याच रेषेवरून गेली की कातडीखाली बारीक भेग पडते आणि खवला उडतो. मग तो खवलाच तेलात फिरून बाकीच्यांना खरवडतो. १४० नंबरच्या तेलानं आवाज दबला, पण सुयांच्या बारीक फटीत जाड तेल नीट पोचत नाही. त्या आठ दिवसांत काम वाढलंच असणार.

आता क्लस्टरच्या आतलं भोक बघा. सुया एका बाजूनं शाफ्टवर आणि दुसऱ्या बाजूनं त्या भोकावर चालतात. तिथे खड्डे असतील तर क्लस्टरही बदलावा लागेल, आणि खर्च तिथेच वाढतो. टॉर्च आत धरून बोट फिरवा.

पंचगंगाकाठ
भोक गुळगुळीत आहे. दोन्ही टोकांना तपासलं. दातांवरही खवले नाहीत, फक्त पहिल्याच्या दातांच्या कडा थोड्या बोथट झाल्यात. चाळीस वर्षं धक्के खाल्लेत, पहिल्याला सिंक्रो नाही.

प्रश्न शाफ्टचा. नवीन मिळेपर्यंत उद्यमनगरात लेथवर बनवून घेऊ का? इथं गल्लोगल्ली टर्नर आहेत, दोन तासांत करून देतो म्हणाला एक जण.

दापोडीकर
नको. साध्या लोखंडाचा शाफ्ट महिन्यात सुया खाऊन टाकतील.

पोलाद
काकांशी सहमत. आकार जमणं हे अर्धंच काम आहे. बनवायचाच असेल तर ईएन ३६ किंवा २० एमएनसीआर ५ यांसारखं केस हार्डनिंगचं पोलाद घ्या. लेथवर थोडा जाड ठेवा, कार्बुरायझिंग करून (कातडीत कार्बन मुरवून) कडक करा, आणि मग ग्राइंडरवर शेवटच्या मापाला आणा. हा क्रम उलटला तर उपयोग नाही, कारण कडक करताना शाफ्ट वाकतो आणि फुगतो. वरची कातडी कडकपणाच्या रॉकवेल सी मोजपट्टीवर ५८ ते ६० च्या आसपास हवी. कोल्हापुरात ग्राइंडिंग आणि हीट ट्रीटमेंट दोन्ही उत्तम होतं, तुमच्या गावाची ख्यातीच आहे. पण एका शाफ्टसाठी भट्टी लावायला कुणी तयार होणार नाही, दुसऱ्याच्या मालाबरोबर घालावा लागेल. मूळचा मिळाला तर तोच घ्या.

पंचगंगाकाठ
पुण्याला नाना पेठेत चौकशी केली. एका दुकानात शाफ्ट होता, पण घासून चमकवलेला जुना. परत केला.

हावडाब्रिज
मी बँकेच्या बदलीनं गेली सात वर्षं कोलकात्यात. अँबॅसिडर इथली घरची गाडी, कारखाना २०१४ ला बंद झाला तरी पिवळ्या टॅक्सीमुळे सामान बाजारात टिकून आहे. शनिवारी मल्लिक बाजारात जाऊन येतो. माप द्या : व्यास मायक्रोमीटरनं, आणि लांबी. खड्डे नसलेल्या जागी मोजा.

पंचगंगाकाठ
हावडाब्रिज दादा, उपकार झाले. मापं व्यक्तिगत निरोपात पाठवली. सुयांचा पूर्ण संच, दोन थ्रस्ट वॉशर आणि दुसऱ्या गिअरची सिंक्रो रिंग मिळाली तर तीही.

हावडाब्रिज
मिळालं! चार दुकानं फिरलो. पहिल्या तिघांकडचे शाफ्ट हातात घेतल्यावरच कळत होते, घडणीचे व्रण दिसत होते. चौथा म्हातारा दुकानदार, त्यानं मेणकागदात गुंडाळलेला काढला, वर जुनं ग्रीस वाळलेलं. कानशीची कड लावून बघितली तर कानस घसरली, ओरखडा नाही. सुया पाकिटातल्या, एकाच संचातल्या. थ्रस्ट वॉशर वेगवेगळ्या जाडीचे मिळतात म्हणाला, म्हणून तीन जाड्या घेतल्या. रिंगही आहे. सोमवारी कुरिअर करतो. पैशांची घाई नाही.

दापोडीकर
कानशीची परीक्षा बरोबर केलीत. ज्या जागी सुया चालतात तिथे मात्र लावू नका, टोकाला लावायची.

पंचगंगाकाठ, सामान येईपर्यंत डमी शाफ्ट करून घ्या. तो उद्यमनगरातला टर्नर आता उपयोगी पडेल, साधं लोखंड चालेल. जाडी मूळ शाफ्टपेक्षा केसभर कमी, लांबी क्लस्टर अधिक दोन वॉशर यापेक्षा किंचित आखूड. कडा गोल मारून घ्या.

रीत अशी. क्लस्टर उभा धरायचा, आत डमी घालायचा, भोवतीनं ग्रीस लावून एकेक सुई बसवायची. ग्रीस त्यांना धरून ठेवतं. शेवटची सुई बसल्यावर जरा जागा उरली पाहिजे. कोंबून बसली तर काहीतरी चुकलंय. दोन्ही टोकं झाली की वॉशर ग्रीसनं चिकटवा आणि क्लस्टर पेटीच्या तळाशी निजवा. वर मेन शाफ्ट आणि इनपुट बसवून घ्या. मग क्लस्टर अलगद उचलून दात जुळवा आणि खरा शाफ्ट एका बाजूनं ढकला. डमी दुसऱ्या बाजूनं आपोआप बाहेर पडेल. दोघांची टोकं एकमेकांना टेकलेलीच राहिली पाहिजेत, मध्ये फट पडली की सुई खाली पडते.

हे करायच्या आधी, रिकाम्या पेटीत नुसता क्लस्टर, वॉशर आणि शाफ्ट बसवून फिलर गेजनं (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) पुढं-मागं खेळ मोजा. दोन-तीन थाऊ हवा, म्हणजे ०.०५ ते ०.०७५ मिलिमीटर. जास्त असेल तर जाड वॉशर घाला.

पंचगंगाकाठ
सामान पोचलं. मेणकागद मी जपून ठेवलाय.

खेळ आधी सात थाऊ होता. जाड वॉशर घातल्यावर अडीच. सिंक्रोची जुनी रिंग गिअरच्या कोनावर दाबून बघितली तर रिंग आणि गिअर यांच्यात फटच उरली नव्हती, नव्या रिंगला स्पष्ट फट दिसते. इनपुटचं आणि मागचं बेअरिंग हातानं फिरवून, बाजूला हलवून बघितलं, दोन्ही चांगली वाटली. पण पेटी उघडी आहे तर बदलून टाकू का?

पोलाद
एवढं खोललंय तर बदला. बेअरिंगच्या कडेवर नंबर कोरलेला असतो, तोच घ्या. शेवटचे दोन आकडे (०४ किंवा त्याहून मोठे असतील तर) गुणिले पाच म्हणजे आतलं भोक मिलिमीटरमध्ये. उदाहरणार्थ ६२०६ असेल तर ३०. आणि दोन्ही बाजूंनी रबरी झाकण असलेलं घेऊ नका, पेटीतलं बेअरिंग उघडंच हवं, म्हणजे तेल आतून खेळतं. बसवताना इनपुट शाफ्टवर चढवायचं तर आतल्या कड्यावर दाब द्या, बाहेरच्या कड्यावर ठोकलं तर नव्या बेअरिंगच्या गोळ्यांच्या वाटेवर तिथंच खुणा पडतात.

मार्कटू_अकोला
आणि तेल कोणतं भरणार? हा प्रश्न मला कायमचा छळतो.

दापोडीकर
गाडीच्या पुस्तकात जो ग्रेड छापलाय तो. वर एकच काळजी : जीएल-५ प्रतीचं पेटीत भरू नका, ते मागच्या चाकांमधल्या डिफरन्शिअलला ठेवा. त्यातली गंधकाची मात्रा जास्त, सिंक्रोच्या पितळी रिंगांना ती मानवत नाही. शिवाय रिंग धरायला जरा घर्षण लागतं, ते फार निसरडं पडलं की गिअर खर्र करतो. पेटीला जीएल-४.

ठाणेकर
पूर्वी जुन्या गाड्या विकताना पेटीत लाकडाचा भुसा घालायचे आवाज दाबायला, असं ऐकलंय. खरं आहे का?

दापोडीकर
खरं आहे. मी दोन पेट्यांत स्वतः बघितलाय. म्हणून जुनी गाडी घेताना आधी तेलाचा बोल्ट उघडून बोट घाला.

पंचगंगाकाठ
काल पेटी चढवली. एक अडचण आली ती लिहितो, कुणाला तरी उपयोगी पडेल. क्लच प्लेट मध्यावर बसवायची होती आणि माझ्याकडे ते खास अवजार नाही. त्याच टर्नरनं सागाचा दांडा कापून दिला : एका टोकाला फ्लायव्हीलच्या मधल्या पितळी बुशात बसेल एवढा, पुढे प्लेटच्या भोकाएवढा. प्रेशर प्लेट आवळेपर्यंत दांडा आत ठेवला. पेटी पहिल्या फटक्यात सरकली. क्लचचा कार्बनही बदलला, जुना अर्धा संपला होता. प्रोपेलर शाफ्टचे दोन्ही क्रॉस नवे. जुन्या मागच्या क्रॉसच्या एका कपातल्या सुया गंजून विटकरी भुकटी झाल्या होत्या. टक् तिथला.

तेल बाजूच्या भोकातून बाहेर ओघळेपर्यंत भरलं. मागची चाकं घोड्यांवर अधांतरी ठेवून, पुढच्या चाकांना दगड लावून, चारही गिअर हळू रेसवर फिरवले. मग परत खाली जाऊन स्टेथो लावला. लेशाफ्टच्या टोकाशी आता वरच्यासारखाच भुर्र. खडी नाही.

आज सकाळी वडिलांना घेऊन जोतिबाला गेलो. चढाला दुसऱ्यावर होतो, दुसरा लोण्यासारखा पडला. वडील काही न बोलता खिडकीबाहेर बघत होते. केर्लीच्या पुढे म्हणाले, "तिसरा टाक." टाकला. "परत दुसरा." टाकला. मग म्हणाले, "१९८३ ला अशीच होती."

पहिल्याला बारीक घुंई आहे, काका म्हणाले होते तशी. ती राहू दे.

५०० किलोमीटर झाले की हे तेल काढून चुंबकानं तपासणार.

वाचनमात्र
डोळ्यांत पाणी आलं. बाबांना नमस्कार सांगा.

हावडाब्रिज
तो म्हातारा दुकानदार पुढच्या वेळी विचारेल, त्याला जोतिबाचं सांगतो.

पोलाद
जुना शाफ्ट टाकू नका. आमच्याकडे नव्या मुलांना शिकवताना दाखवायला इतका स्पष्ट नमुना मिळत नाही. पाठवलात तर आभारी राहीन.

पंचगंगाकाठ
नक्की, उद्याच पाठवतो. ५०० किलोमीटर झाले, तेल काढलं. रंग मधासारखा. चुंबकावर राखाडी लेप आला, बोटानं पुसला जाईल एवढा. खवला एकही नाही. मार्कटू भाऊ, डमी शाफ्ट आणि सागाचा दांडा माझ्याकडे रिकामे पडलेत. तुमची पेटी याच घराण्यातली, माप ताडून बघा. हवे असतील तर पत्ता द्या.

मार्कटू_अकोला
भाऊ, पाठवा. मी पण धाग्यात लिहिल्याप्रमाणे काल सगळं ऐकून पाहिलं. क्लच दाबला की बंद होतो, इथवर तुमच्यासारखंच. पण माझी टॉपलाही तितकीच वाजते, आणि नळी लावली तर आवाज वरून, पुढून येते.

दापोडीकर
मग तुमचं इनपुटचं बेअरिंग. पण तो शाफ्ट पुढून काढायला क्लस्टर खाली निजवावाच लागतो, म्हणून डमी तुम्हालाही लागेल. क्लस्टरच्या सुया त्या निमित्तानं बघून घ्या. तेल काढलंत का?

मार्कटू_अकोला
उद्या काढतो. फडकं धुऊन ठेवलंय.